घोड्यावर कोण बसलंय?

ट्रामने कामावर निघाले होते, तेव्हा इराचा फोन आला. "मावशी, आई गेला..." एवढं बोलून ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "गेली. आई गेली." इरा इथेच, मँचेस्टरमध्ये जन्मली आणि वाढली. तिच्या मराठीतल्या असल्या चुका तिची आई, माझी मैत्रीण शरयू, हसत हसत सुधारायची. त्या सकाळी इराची चूक इरालाच सुधारावी लागली. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि परतीची ट्राम धरली. आता काही आठवडे उलटलेत, तर तिच्याबद्दल लिहावंसं वाटतंय.

शरयू मूळची कोल्हापूरची. वडील जनावरांचे डॉक्टर, त्यामुळे घोडे लहानपणापासून ओळखीचे. चित्रकला शिकली आणि लग्नानंतर अजितच्या नोकरीमुळे इथे आली. मी फार्मासिस्ट, ती पहिल्याच हिवाळ्यात खोकत खोकत आमच्या दुकानात आली होती. काउंटरवरची मुलगी काही विचारत होती आणि ही सगळ्याला नुसती मान हलवत होती. मुलीने आवाज चढवला, मग एकेक शब्द सुटा करून विचारलं, जणू समोर लहान मूल आहे. प्रिस्क्रिप्शनवरचं आडनाव वाचून मी मागून पुढे आले आणि मराठीत म्हणाले, "ताप पण आहे का हो?" तिचे डोळे असे काही भरून आले... नंतर ती म्हणाली, "इंग्रजी मला येतं गं. पण मी बोलायला तोंड उघडेपर्यंत लोकांनी ठरवून टाकलेलं असतं, हिला काही कळत नाही."

इरा शाळेत जायला लागल्यावर शरयूला एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काँट्रॅक्ट मिळालं. जुन्या काळातल्या एका नामांकित काउबॉयला नव्या पिढीसाठी कार्टून मालिकेत आणायचं होतं. गावोगाव फिरणारा, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा नायक आणि त्याच्याबरोबर त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी एक सोबती. शरयूकडे घोडे आले. चालणारे, दौडणारे, नाल निखळलेले, रुसलेले. ती इतकी खूश होती की जेवताना टेबलावर बोटांनी टापा वाजवून दाखवायची.

मग एक दिवस ती माझ्या घरी आली ती तापलेलीच. जुन्या मालिकेत तो सोबती मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. आजच्या काळात ते बरं दिसत नाही, म्हणून नव्या टीमने त्याचे संवादच काढून टाकले होते. तो आता मागे उभा राहून फक्त मान हलवणार होता. "त्यांना वाटतंय, हा रिस्पेक्ट झाला," शरयू म्हणाली. "गप्प माणूस कसा दिसतो ते मला विचारा म्हणावं."

"मग तू बोललीस?" मी विचारलं.

"मीटिंगमध्ये बोलले. डायरेक्टर म्हणाला, शरयू, तू घोड्यांचं बघ ना. मी म्हटलं, घोड्यावर कोण बसलंय ते कळल्याशिवाय घोडा कसा काढू? घाबरलेला माणूस बसला तर तो एका तऱ्हेने चालतो, वाट माहीत असलेला बसला तर वेगळ्या."

अजितने तिला समजावलं, काँट्रॅक्टवर आहेस, जपून राहा. तिने ऐकून घेतलं आणि पुढचे काही रविवार बसून नदीचा प्रसंग आपल्या मनाने काढला. पुराचं पाणी, काठावर थबकलेला नायक आणि त्याला मागे टाकून पुढे गेलेला सोबत्याचा घोडा. कान टवकारलेले, खुराने तळ चाचपणारा, पण पाठ सैल, कारण लगाम धरणाऱ्यावर त्याचा भरवसा. तो प्रसंग तिने टीमसमोर लावला. डायरेक्टरने तो परत लावायला सांगितला... मग लेखिकेने सोबत्यासाठी संवाद लिहिले, आवाजासाठी त्याच्याच समाजातला एक नट शोधला आणि तो भाग तसाच टीव्हीवर लागला. दुसऱ्या सीझनला मात्र शरयूला बोलावणं आलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. मी चिडले तर म्हणाली, "अगं, नदी ओलांडली ना त्याने? झालं तर."

पुढे ती लायब्ररीत मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. त्यातच दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये तिची उशी नीट करायला एक थोराड केअर असिस्टंट यायचा. शेवटच्या भेटीत मी बसले असताना तो आपल्या मुलाबद्दल सांगत होता. तेच काउबॉयचं कार्टून, त्यातही नदीचा भाग, पुन्हा पुन्हा बघतो, डोकं उठतं अगदी! शरयूने डोळे उघडले. "त्याला कोण आवडतो?" तिने इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "जो आधी पाण्यात उतरतो तो." तो भाग हिनेच काढलाय, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने माझा हात दाबला. तो गेल्यावर म्हणाली, "राहू दे. त्या पोराला तो खरा वाटतोय."

परवा इराकडे गेले होते. शरयूची खोली आवरलेली नाही. कामाच्या टेबलाशी, बसल्यावर बरोबर चेहऱ्यासमोर येईल असा, एक छोटा आरसा भिंतीला लावलाय. जे चित्र काढायचं तसं तोंड आधी स्वतः करून बघायचं, ही तिची सवय. काचेवर अजून पेन्सिलीच्या शिशाने माखलेल्या तिच्या बोटांचे ठसे आहेत. मी पुसायला रुमाल काढला, तशी इरा म्हणाली, "नको ना, मावशी." ती खुर्चीत बसली, आरशात बघितलं आणि नाकपुड्या फुगवून, ओठ लांब करून घोड्याचं तोंड केलं. मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. मग ते तोंड तसंच ठेवायचा प्रयत्न करत ती रडायला लागली आणि मी तिच्या मागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आरसा लहान, त्यात आम्ही दोघी मावत नव्हतो. इरा जरा बाजूला सरकली.