एकत्र राहता का?

तंजावूरच्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी बनवत होते. बैठक आमच्याच घरी होती. मंडळाचे सचिव समोरच्याच घरात राहायचे. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणत आले.

“नोंदणीच्या फॉर्ममध्ये बायकांसाठी नवऱ्याचं नाव घाल,” ते म्हणाले. “आणि ‘एकत्र राहता का?’ असं विचार. नाही म्हटलं तर कारण. सगळं सक्तीचं.”

माझा घटस्फोट नुकताच झाला होता. “मी काय लिहू, काका?”

“खरं ते लिही!”

बाकीचे हसले. कॉफी घेऊन आलेली आई दारातच थबकली. तिचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, काकांना सोडायचं नाही.

सांगितलं तसे रकाने घातले. ‘स्त्री’ निवडलं की ते उघडत. मग कोडमध्ये चार ओळी वाढवल्या: ‘पुरुष’ निवडलं तरी तेच रकाने उघडायचे, पत्नीबद्दल विचारायचे. शेजारी लाल चांदणी. उत्तर दिलं नाही तर पुढे जायचं बटणच दिसणार नाही. अक्षरं मुद्दाम मोठी केली, तमिळमध्ये आणि इंग्रजीत, कारण आमच्यात देवनागरी वाचणारे फार थोडे.

काकांची बायको कित्येक वर्षं पापनाशमला भावाकडे राहत होती. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. त्या भावाला मी स्वतः फोन करून वेबसाइटच्या उद्घाटनाला बोलावलं.

पहिली नोंदणी सचिवांची, मोठ्या पडद्यावर. त्यांनी ‘पुरुष’ निवडलं आणि रकाने उघडले. बायकोचं नाव त्यांनी टाइप केलं. पुढच्या प्रश्नावर बाण ‘होय’पाशी गेला, तिथेच थांबला. पहिल्या रांगेत मेव्हणा हाताची घडी घालून बसला होता.

“हे काय गं?”

“तुमचाच नियम, काका. सगळ्यांना लावला, इतकंच.”

“काढ ते आधी!”

“खरं ते लिहा ना.”

बायकांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. काका लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत बाहेर पडले, चपला शोधत.

दुसऱ्या दिवशी समितीने ते रकाने सगळ्यांसाठीच काढायला लावले. माझं कामही काढून घेतलं. आई म्हणाली, “एवढं करायला नको होतंस.” मला मात्र त्या रात्री छान झोप लागली.

काका अजून समोरच राहतात. मला पाहिलं की दाराआड होतात. मग मी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “काय काका, काकू कशा आहेत?”