हत्तीच्या दोरीउड्या

लाँड्रीवाले मामा नवी कवळी बसवून घरी आले आणि चपला काढायच्या आधी त्यांनी पेटीतून क्लॅरिनेट काढून फुंकली. आवाज निघाला तो उकळत्या किटलीचा. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तिच्या तोंडाशी घट्ट टेकवावे लागतात. मामांचे दात टेकले, पण दुसऱ्या फुंकरीला हिरडी सोडून थेट मांडीवर आले. मामी शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सूर पडला का हो?"

"दात पडले," मामा म्हणाले.

दोघंही पोट धरून हसली. पण रात्री मामांना घास जाईना. बागेतल्या बँडमध्ये दर रविवारी वाजवायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. दिवसभर लोकांच्या सुरकुत्या काढायच्या आणि रविवारी स्वतःच्या मनाच्या, असं ते म्हणत. आता ती जागा जाणार होती.

मग मुलीने पहिल्या पगारात एक इलेक्ट्रॉनिक वाद्य आणून दिलं. काळ्या प्लास्टिकची काठी, वर फुंकायची चोच, अंगावर बटणांची रांग. ते दातांत आवळावं लागत नव्हतं. ओठांत धरून फुंकलं की आतलं यंत्र श्वास मोजायचं आणि आवाज स्पीकरमधून यायचा. क्लॅरिनेट, व्हायोलिन, भोंगा, हवा तो आवाज त्यात होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मामा कानाला हेडफोन लावून सराव करत. मामींना ऐकू यायची ती नुसती फूफू आणि बोटांची टकटक. क्लॅरिनेटला त्या जन्मभर सवत म्हणत आल्या होत्या. "ही सवत मुकी आहे," त्यांनी मुलीला सांगितलं, "पण नांदायला बरी."

बरी कसली! मामा रडकुंडीला आले होते. क्लॅरिनेटवर दमलेली बोटं कळांवर विसावली तरी चालतं, दाबल्याशिवाय कळ बोलत नाही. या यंत्राच्या कळा स्पर्शालाच बोलायच्या. मामांचं बोट जुन्या सवयीने टेकलं, की चालत्या सुरातून भलताच सूर किंचाळून उठे. मामींनी दोन दिवस ती बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, इस्त्री तापली का ते कसं बघता? ओलं बोट लावता आणि उचलता. तिथे विसावता का कधी?"

मामांनी हेडफोन काढला. बायकोकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते चटका बसल्यासारखे वाजवू लागले आणि किंचाळ्या थांबल्या.

आता प्रश्न उरला बँडमास्तरांचा. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, सरळ रेषेचे भक्त. बँड लाकडाचा आणि पितळेचा असतो, प्लगचा नसतो, असं त्यांचं मत. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी मामांना गुरुवारच्या तालमीला यायची परवानगी दिली. वॉल्ट्झ या गिरक्यांच्या नाचाच्या धुनेतला क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा वाजवायचा. पटला तर रविवारी बसायचं. नाही पटला तर श्रोत्यांत बसायचं, आणि रुसायचं नाही.

गुरुवारी मामी स्पीकर उचलून सोबत गेल्या. वॉल्ट्झ सुरू झाला. मामांचा तुकडा जवळ आला, त्यांना घाम फुटला, आणि हात पुसताना अंगठा आवाज बदलायच्या बटणावर पडला. ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी श्वास घेतला, फुंकर घातली, आणि स्पीकरमधून ट्यूबाचा आवाज आला. ट्यूबा म्हणजे बँडमधला सगळ्यात अगडबंब, सगळ्यात खर्जातला भोंगा. मास्तरांनी रागाने ट्यूबावाल्याकडे पाहिलं. तो बस कंडक्टर, सगळे त्याला पिंप म्हणत. त्याने चहाचा कप दाखवून खूण केली, मी नाही.

चूक मामांच्या लक्षात आली. पण सुरू केलेली ओळ अर्ध्यावर टाकायची त्यांना सवय नव्हती. ते वाजवत राहिले. क्लॅरिनेटच्या त्या नाजूक गिरक्या, भरभर चढणारे सूर, सगळं त्या अगडबंब आवाजात. हत्तीने दोरीउड्या माराव्यात, आणि एकदाही पाय अडकू नये, तसं. आधी ढोलवाला फिसकन हसला, मग पिंप, मग सगळा बँड. मास्तरांची छडी हवेतच राहिली होती. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मामा मान खाली घालून म्हणाले, "चुकलो, मास्तर. बटण दाबलं गेलं."

"राहू दे दाबलेलं," मास्तर म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून. ह्याच आवाजात."

दाराशी मामी उभ्या होत्या. इतक्या महिन्यांत त्यांनी त्या काठीचा सूर पहिल्यांदाच ऐकला होता. "एवढं सगळं एकटेच ऐकत होता होय घरात?" त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड दाबून पुन्हा हसू लागल्या.

रविवारी बागेत तो वॉल्ट्झ लोकांनी दोनदा वाजवायला लावला. मास्तरांनी मामांची खुर्ची क्लॅरिनेटवाल्यांतून हलवून पिंपच्या शेजारी मांडली होती, खरा आवाज आणि उसना आवाज सवाल-जवाब करतील म्हणून. दुसऱ्यांदा सुरू करण्यापूर्वी पिंप कानाशी कुजबुजला, "मामा, तुम्हाला दम लागत नाही, मला लागतो. जरा सबुरीने."

"लागतो रे," मामा म्हणाले. "श्वास माझाच आहे."