मुलांसाठी लिहिलेला खटला

आलापल्लीच्या लाकूड डेपोजवळ ताज्या चिरलेल्या सागाचा उग्र वास आला आणि एटापल्लीपलीकडची ती म्हातारी आठवली. तिच्या अंगणात बसलो तेव्हा शेजारी कुणीतरी सागाची चौकट तासत होतं. आज तो वास सोसवेना.

मी मास्तर माणूस. निवृत्तीच्या तोंडावर लिहिण्याची हौस आली आणि मुलांसाठी पद्यात कादंबरी लिहिली, इंग्रजी अमलात फाशी गेलेल्या इकडच्या एका गोंड मुखियाच्या खटल्यावर. जुन्या कागदांत एका साक्षीदाराचा जबाब होता, खाली अंगठा. गोष्टीला खलनायक हवाच असतो; मला आयता मिळाला. ‘ज्याच्या घरचे मीठ खाल्ले, त्यालाच याने फासावर दिले.’ यमक जुळल्यावर काय खूश झालो होतो मी! पोरांच्या तोंडी ते आठवडाभरात बसलं.

त्या साक्षीदाराचं घराणं अजून नांदतंय, हे माझ्या गावीही नव्हतं. म्हातारी त्यातलीच. तिची नात सातवीत. पोरं तिला बघून त्या दोन ओळी म्हणायची. पोरीनं शाळा सोडली, तेव्हा म्हातारीनं मला बोलावणं धाडलं.

ती रागावली नाही, तेच जड गेलं. म्हणाली, “गुरुजी, माह्या आज्याच्या बापाले मराठी येतच नोती. तो गोंडीत बोलला. लिवणाऱ्यानं आपल्या मनचं लिवलं, अंगठा त्याचा घेतला. तुमी काऊन नाई विचारलं आमाले?”

तीस वर्षं गोंडी पोरांना मराठीतून शिकवलं. ‘समजलं का?’ विचारलं की ती मुकाट मान हलवायची आणि समजलेलं काही नसायचं, हे रोज पाहिलं. तो जबाब वाचताना मात्र त्यातलं काही आठवलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

ओळी बदलल्या, पण नवी आवृत्ती निघायला तीन वर्षं लागली. तोवर म्हातारी गेली होती. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

पोरगी भेटली एटापल्लीच्या स्टँडवर, तेलंगणातून मिरची तोडून परतलेली. हाताची आग होत होती म्हणून तिनं पुस्तक घेतलं नाही. मीच वाचून दाखवलं.

“आता बराबर हाय, सर,” ती म्हणाली.

“मग शाळेत ये की.”

“माह्या सोबतच्या पोरी दहावीले गेल्या, सर. मी सातवीत कशी बसू?”

तिची गाडी आली, ती गेली. पुस्तकातली चूक दुरुस्त झाली. तिची ती वर्षं माझ्यापायी गेली, ती गेलीच.