दोन पोळ्या पप्पांच्या वाट्याच्या

आमचे पप्पा उपासाच्या बाबतीत भलतेच कडक. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मागावर काम करायचे, चर्चच्या मराठी मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे एल्डर, म्हणून निवडलेले. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, लागला की ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायचे. एवढं तर पुष्कळ लोक करतात. पप्पांचं पुढचं होतं. आईनं त्यांच्या वाट्याच्या दोन पोळ्या रोजच्यासारख्या लाटायच्या, ताटात वाढायच्या. ते ताटासमोर बसून प्रार्थना करणार आणि मग त्याच पोळ्या कागदात बांधून चर्चच्या फाटकाशी बसणाऱ्या आंधळ्या म्हातारीला नेऊन देणार. "आपल्या तोंडची पोळी दुसऱ्याच्या तोंडी गेली पाहिजे," ते म्हणायचे. "नुसतं न खाणं म्हणजे बचत, उपास नव्हे."

शेजारच्या काकूंना हे काही केल्या पटत नसे. त्या दरवर्षी साबुदाण्याची खिचडी घेऊन यायच्या, वर शेंगदाण्याचं कूट, लिंबू, सगळं साग्रसंगीत. "अहो, उपासाचं आहे, चालतं." पप्पा हात जोडून नको म्हणायचे आणि ती खिचडी आम्ही दोघी बहिणी फस्त करायचो. काकूंना वाटायचं, ख्रिश्चनांना उपास करताच येत नाही.

मग मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता सगळ्यांना कळून चुकलं की आता काही उघडत नाही. त्याच सुमारास विजय नगरकडे चकचकीत दुकानं निघायला लागली होती, आणि पप्पा त्यातल्या एका दुकानाच्या दाराशी रखवालदाराचा निळा शर्ट घालून उभे राहायला लागले. गाडीतून उतरणारी पोरंटोरं त्यांना "ओ भिया, जरा गाडी देखना" म्हणायची. ज्या माणसाच्या हाताखाली कालपर्यंत चार जण काम शिकत होते, त्याला. मला संताप यायचा. पप्पा मात्र गाडीवर लक्ष ठेवायचे.

त्यांचं म्हणून एकच ठिकाण उरलं होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण वाचतात. त्यातला "मला तहान लागली आहे" हा तहानेचा उद्गार वर्षानुवर्षं पप्पांचा. आमच्या मंडळीत रिवाज असा, की वाचणाऱ्यानं सकाळपासून तोंडात काही घातलेलं नसावं. कोरड्या घशानं, अडखळत वाचायचे ते, आणि सगळं चर्च चिडीचूप होऊन ऐकायचं. मिल गेल्यावर तर लेंट लागल्यापासून ते त्या वाचनाचीच वाट बघत होते. तेवढ्यापुरते ते पुन्हा कुणीतरी असायचे.

इकडे घरात पिठाचा डबा खाली खाली चालला होता. शुक्रवारी आम्हा दोघींच्या पोळ्या व्हायच्या, पप्पांच्या उपासाच्या दोन व्हायच्या, आणि आई म्हणायची, "मी नंतर बसते." ते नंतर काही यायचं नाही. मी एकदा पाहिलं, मोरीच्या आडोशाला गुळाचा खडा तोंडात धरून ती पाणी पीत होती. मग मी लक्षच ठेवलं. शुक्रवारी तर ती जेवायचीच नाही, बाकीच्या दिवशीही अर्ध्यावर उठायची.

उत्तम शुक्रवारी सकाळी पप्पा नेहमीसारखे प्रार्थना करून उठले आणि पोळ्या बांधायला कागद शोधू लागले. मी म्हटलं, "पप्पा, या पोळ्या तुमच्या नाहीत. आईच्या आहेत." मी बोलले ते बरं केलं, असं मला आजही वाटतं.

पप्पांनी आईकडे पाहिलं. "खरं का?"

"पीठच नाही तर मी काय करू?" आई म्हणाली. "तुमचा उपास मोडू?"

त्यांनी उठून डबा उघडला, आत पाहिलं, झाकण लावलं. मग ताट आईपुढे सरकवलं. आई म्हणाली, आजचा दिवस कुठला, मी नाही खाणार. ते म्हणाले, खा. तिनं ताट परत सरकवलं. "तुम्ही खाल्लंत तरच." हटून बसली ती. मग पप्पांनी एक पोळी तिच्या हातात दिली आणि दुसरीचा घास मोडून तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते चावत होते. म्हातारीला त्या दिवशी आमच्याकडून काही गेलं नाही.

चर्चमध्ये पोचल्यावर ते सरळ पाळकसाहेबांकडे गेले. "माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. मी जेवून आलोय."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठीक आहे. जेवलोय."

पाळकसाहेब थांबले, कारण ऐकायला. कारण सांगितलं असतं तर त्यांनी पप्पांना समजून घेतलं असतं, कदाचित वाचायलाही लावलं असतं. पण त्यासाठी डबा रिकामा असल्याचं आणि आई उपाशी राहिल्याचं चारचौघांत येणार होतं. पप्पा मागच्या बाकावर जाऊन बसले. तहानेचा उद्गार दुसऱ्याच कुणीतरी वाचला, खणखणीत आवाजात, न अडखळता.

बाहेर पडताना दोघी बाया आम्हाला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलल्या. "मिल गई, तो साथ में भरोसा भी गया. उत्तम शुक्रवारी जेवून आले म्हणे." आई गर्रकन वळली. तिला सगळं सांगून टाकायचं होतं.

पप्पांनी तिचा हात धरला. "राहू दे. माझ्याबद्दलच बोलतायत ना?"

पुढच्या वर्षी ते वाचन त्यांच्याकडे आलं नाही, त्यानंतरही नाही. त्या दिवशी का जेवले, ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.