जायच्या आधीच सत्कार

सेनगावात कबड्डीचे जाणकार किती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, जितके मोबाइल तितके. खेळणारे मात्र शोधावे लागतात. सकाळी स्टँडासमोरच्या हॉटेलात जाऊन बसा. पोह्याची बशी पुढ्यात आली की माणूस जाणकार झालाच. विद्यापीठाच्या संघात कुणाला घ्यायला पाहिजे होतं, कुणावर अन्याय झाला, मोठ्या शहरातली कॉलेजं आपल्या पोरी कशा पुढं घुसवतात, सगळं त्याला ठाऊक. फक्त आपल्या कॉलेजचं मैदान कुठल्या बाजूला आहे ते विचारू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला.

या जाणकारांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. तालुक्यातल्या क्रीडाप्रेमींचा म्हणे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक भाऊ त्याचा ॲडमिन. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी आम्हा पोरींनाही त्यात घातलं होतं, प्रोत्साहन मिळतं म्हणून. प्रोत्साहन म्हणजे काय, तर सकाळी गुलाबाच्या फुलांचे ढीगभर फोटो, दुपारी कुणाचा तरी वाढदिवस आणि संध्याकाळी कबड्डीवरून भांडणं. बी.ए.ची सगळी वर्षं मी कॉलेजकडून खेळले. तेवढ्या वर्षांत या ग्रुपमधला एक जरी माणूस मॅच पाहायला मैदानावर आला असेल तर शपथ. एकजण आला होता एकदा, पण त्याची म्हैस सुटली होती.

मी बंजारा तांड्यावरची. खेळायची लेफ्ट कॉर्नर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या संघात कॉर्नरवाली रेड टाकायला, म्हणजे चढाईला, जायची नाही. तिनं आपल्या कोपऱ्यात दबून राहायचं, समोरून येणारीचा पाय लांबला की घोटा धरायचा आणि मेली तरी सोडायचा नाही. टाळ्या रेडवालीला पडतात. पडेनात का! घोटा हातात गच्च बसला की अंगात जे काय उठतं ते टाळ्यांनी उठत नसतं.

त्या साली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझ्या पकडी चांगल्या बसल्या आणि विद्यापीठाच्या शिबिराला माझं नाव लागलं. शिबिरात बऱ्याच पोरी बोलावतात, त्यातून बाराजणी निवडतात आणि त्या बाराजणी दुसऱ्या राज्यात जाऊन बाकीच्या विद्यापीठांशी खेळतात. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पुढं शिकवणार नाही, हे बापूनं म्हणजे माझ्या वडलांनी आधीच सांगून टाकलं होतं. भांडून नव्हे, साधं जेवता जेवता. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. लोक म्हणायचे, व्वा, आता नोकरीत फायदा होईल. मला नोकरीचं काही सुचत नव्हतं. मला परराज्यातल्या पोरींचे घोटे धरून पाहायचे होते, बस.

आमच्याकडं खेळाची बातमी लिहायची एक रीत आहे. पहिल्या ओळीत खेळाडू उरकायचा आणि मग 'या निवडीबद्दल तिचे अभिनंदन करणारे' सुरू करायचे. माझ्या बातमीत अभिनंदन करणारे खालपर्यंत गेले होते. त्यातल्या बहुतेकांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं. एकाला तर वारून वर्ष झालं होतं. वार्ताहरानं जुन्या बातमीतली नावं उचलून जशीच्या तशी लावली होती. ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरली. ज्यांची नावं होती त्यांनी अंगठे टाकले, ज्यांची नव्हती ते रुसले, आणि त्या वारलेल्या माणसाबद्दल कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग निघालं सत्काराचं. सरांनी भीतभीत लिहिलं की पोरगी शिबिर करून, बारात नाव आणून परत येऊ द्या, मग करू. त्यावर ॲडमिनभाऊनं लिहिलं, "अन् बारात नाव न्हाई आलं मंग? कशाचा सत्कार करता? आत्ता ताजं हाय तवर उरकून घ्या." सगळ्यांना हे इतकं पटलं की विचारू नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. शिबिराला सोमवारी सकाळी सातला मैदानावर हजर व्हायचं होतं. म्हणजे मला रविवारी दुपारच्या बसनं निघणं भाग होतं. ह्यांनी सत्कार ठेवला रविवारी सकाळी दहाला. मला कुणी विचारलं नाही. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर मात्र दोन दिवस ग्रुप पेटला होता. शेवटी सगळ्यांचेच मोठे घेतले. माझा घेतला हॉलतिकिटावरचा, खाली कोपऱ्यात. त्यात मी आहे की माझा भाऊ, हे याडीलाही ओळखता आलं नाही. तांड्यावर आम्ही आईला याडी म्हणतो.

रविवारी मी बॅग घेऊनच गेले. याडी सोबत होती, शिदोरीला भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. हॉटेलासमोर मांडव टाकला होता. मला स्टेजवर बसवलं आणि सांगितलं की पाहुणे आलेच. पाहुणे म्हणजे पुढारी. त्यांना आधी कुठल्याशा गावात तेरवीला जायचं होतं, मग कनेरगाव नाक्याला एका ढाब्याचं उद्घाटन होतं. ढाब्यावर गेलेला माणूस जेवल्याशिवाय कसा उठेल? माइकवाला घटकाघटकाला म्हणत होता, "अगदी थोड्याच वेळात." तेवढ्यात जो येईल त्याला माइक देत होता. कबड्डी हा मातीतला खेळ आहे, हे मी त्या दिवशी इतक्या जणांकडून ऐकलं की मातीचाच वीट आला. त्यातल्या एकाच्याही पायाला मैदानाची माती कधी लागली नव्हती.

याडी खाली बसल्या बसल्या येईल त्याला विचारत होती, "बस कवाची हाय?" कुणी उत्तर देईना. बस माझ्या डोळ्यांसमोर स्टँडात आली. स्टेजवरून स्वच्छ दिसत होती. मी उठले. सरांनी माझा हात धरला.

"बस खाली. पाव्हणे कनेरगावहून निघालेत. असं उठून जाणं बराबर दिसत न्हाई."

"सर, बस चालली."

ॲडमिनभाऊ मागून म्हणाला, "बसची काहून तकलीफ करून घेऊन राहिली? आपली गाडी हाय ना! विद्यापीठाच्या दारात नेऊन सोडतो."

मी सरांकडं पाहिलं. ते मान डोलावत होते. हा माणूस मैदानावर वाघ होता हो. पोरींना पळवून पळवून घाम काढायचा. स्टेजवर चढला की त्याचं मांजर व्हायचं. याडी उठून उभी राहिली आणि बस गेली त्या दिशेला पाहत राहिली. मला इतका राग आला की गळ्यातला हार तोडून फेकावासा वाटला. पण हार अजून घातलाच नव्हता, पाहुणे यायचे होते.

पाहुणे आले तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांच्यासोबत इतके लोक आले की फेटे कमी पडले. माझ्यासाठी आणलेला फेटा त्यांच्या ड्रायव्हरला बांधला. तो बिचारा नको नको म्हणत होता. मग भाषण झालं. कुस्तीत आपल्या तालुक्याचं नाव ही लेक उज्ज्वल करील, असं पाहुणे म्हणाले. कुस्तीत! टाळ्या कडाडल्या. सरांनीही वाजवल्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाले आणि मांडव रिकामा झाला. आता गाडी. गाडी पाहुण्यांच्या ताफ्यामागं गेली होती, जेवणाला. ॲडमिनभाऊचा फोन लागेना. कशात काय आणि फाटक्यात पाय.

मी आणि याडी मिळेल त्या काळीपिवळी जीपनं हिंगोलीला गेलो, एका नातेवाइकाकडं पाठ टेकली आणि पहाटेची पहिली बस धरली. विद्यापीठाच्या मैदानावर पोचले तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. पोरी घामाघूम होऊन पाणी पीत होत्या. प्रशिक्षक मॅडम शिट्टी बोटाला गुंडाळत माझ्याकडं आल्या.

"सातला सांगितलं होतं."

"मॅडम, सत्कार होता."

"कुणाचा?"

"माझा."

"कशाबद्दल?"

"इथं शिबिरात निवड झाली, त्याबद्दल."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझ्या जागेवर राखीव मुलगी घेतली," त्या म्हणाल्या. "तिला फोन केला तर ती मिळेल त्या गाडीनं तासाभरात आली. आता तिला काय सांगू, परत जा?" त्यांनी बोट दाखवलं. लेफ्ट कॉर्नरला एक किडकिडीत पोरगी गुडघ्यात वाकून उभी होती. सांगा की परत जा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं काय घोडं मारलं होतं माझं? ती वेळेवर आली होती, तिचा कुणी सत्कार केला नव्हता. मी बॅग उचलली. परतीच्या बसमध्ये याडीनं भाकरी सोडली आणि मी रडत रडत खाल्ली. भूक लागलीच होती.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, नाही असं नाही. मग म्हणाले, "आत्ताच कुणाला बोलू नको. लोकांनी एवढं केलं, त्यांना वाईट वाटंल." लोकांना वाईट वाटेल! मी तडक मोबाइलच्या दुकानात गेले. ॲडमिनभाऊ डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, उशीर झाला म्हणून मला शिबिरातून परत पाठवलं." त्यानं मान वर केली नाही. "हां हां, होऊन जाईल. सत्काराचे फोटो पाहिले का? लई भारी आलेत." मी त्यानंतर कुणाला सांगायच्या भानगडीत पडले नाही. भिंतीशी किती बोलायचं?

पुढं आमच्या विद्यापीठाची मॅच मोबाइलवर लाइव्ह लागली. कापसाची वेचणी चालू होती. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि याडीला जवळ घेऊन पाहायला बसले. मॅच सुरू झाली तसा ग्रुप खदखदायला लागला.

"आपली वाघीण कोणती?"

"ती लांब वेणीची. आठ नंबर."

"व्हय, तीच. चाल पाहा ना, सेनगावचं पाणी हाय."

"तांड्यावरची हाय, दम तर राहणारच."

आठ नंबरची पोरगी रेड टाकणारी होती. माझ्याहून हातभर उंच, रंगानं गोरी. कुठली कोण, मला ठाऊक नाही. तिनं गडी मारला की ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. "शाब्बास ताई!" "तालुक्याची शान!" आणि हे सगळं येऊन पडत होतं माझ्या मोबाइलवर. लेफ्ट कॉर्नरला ती किडकिडीत पोरगी जीव तोडून खेळत होती, तिच्याकडं एकाचं लक्ष नाही. मी लिहिलं, "मी घरी आहे. मी संघात नाही. ती मी नव्हे." लगेच ॲडमिनभाऊचं उत्तर आलं, "मॅच चालू आहे. कृपया मधे कुणीही दुसरे मेसेज टाकू नयेत." त्याखाली एक अंगठा पडला. सरांचा होता.

याडीनं विचारलं, "काय म्हणून राहिले?"

"तुझी पोरगी चांगली खेळते म्हणतात," मी म्हटलं.

मॅच फार अटीतटीची झाली. शेवटी शेवटी आठ नंबर रेडला गेली आणि समोरच्या कॉर्नरवालीनं तिचा घोटा असा काही धरला, असा धरला की माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघालं. तिथंच मॅच गेली. मग ग्रुपवर सुरू झालं. कशाला गेली? अक्कल न्हाई. हवा गेली डोक्यात. एकानं तर लिहिलं की एवढा सत्कार करायलाच नको होता, सत्कारानं पोरी बिघडतात. त्याला सगळ्यात जास्त अंगठे पडले. मला हसू यावं की रडू, तेच कळेना. शेवटी मी मोबाइल उशाखाली घातला आणि पडले. याडी कधी नव्हे ती कितीतरी वेळ माझे पाय चेपत बसली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला सेनगावात गेले. आदल्या संध्याकाळी मॅच झालेलं गाव इतकं लांब की आगगाडीनंही दिवसभरात येणं होणार नाही, आणि मी हातात वांग्या-मिरच्यांची पिशवी घेऊन स्टँडासमोर उभी. दुकानातून ॲडमिनभाऊनं हाक मारली. मला वाटलं, आता तरी पेटला दिवा. आता तरी हा म्हणेल, चुकलं आमचं.

"ती शेवटची रेड," तो म्हणाला, "तुझी चुकली. तू बोनसचा पॉइंट घेऊन परतायला पाहिजे व्हतं."

मी त्याचं तोंड नीट न्याहाळलं. थट्टा नव्हती. माणूस मनापासून बोलत होता, डोळ्यांत वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

"पण जाऊ दे," तो म्हणाला. "पुढल्या साली दाखवून दे."

"भाऊ, मला पुढलं साल न्हाई. माझं हे शेवटचं व्हतं."

"असं खचून जाऊ न्हाई," तो म्हणाला. "पुढल्या साली याच्याहून मोठा सत्कार करू."