सोबत जोडलेलं

मला बायकोच्या लॅपटॉपमधून फक्त एक पत्र हवं होतं. रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं छत गळतं. तीन वर्षांपूर्वीही गळत होतं. तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला एक खरमरीत पत्र पाठवलं आणि आठवड्यात दुरुस्ती झाली. यंदा तशीच तीन पाठवली. उत्तर नाही. जिन्यात भेटले तर दोघंही मोबाइलमध्ये बघतात. तेव्हा मी असं काय झणझणीत लिहिलं होतं, तेच मला आठवेना.

लिहिलं म्हणजे सांगितलं. माझी सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवाल्यांवर ओरडण्यात गेली. घरीही मी तावातावाने सांगायचो आणि ही टाइप करायची. मी वाचून सही ठोकायचो, पाकीट बंद करून ती नेऊन द्यायची. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. आता मीच दोन बोटांनी टाइप करतो, आणि रागाच्या भरात ऱ्हस्व-दीर्घ चुकतात.

लॅपटॉप सुरूच होईना. पनवेल स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेलाय. हार्डडिस्क एकदम ओके आहे. तुमच्या डेस्कटॉपला हेच कनेक्शन चालतं, घरीच लावा." लावली. डिस्क पत्त्यांच्या जोडाएवढी आणि डेस्कटॉपमधला खण मोठा, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि दोन वायरी जोडल्या. तिचं फोल्डर उघडायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही. म्हटलं, बरोबर आहे, हिचं कपाट उघडायचीही नव्हती. पण तो निदान पुढे जायचंय का, असं विचारतो. ही तेवढंही विचारत नसे.

पत्रं सापडली, पण उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची आणि तो माझ्याकडे नव्हता. तिच्याच डिस्कमधून तो शोधून काढला. त्यात अख्खी दुपार गेली. दुपारी मला दुसरं काम नसतंच.

मग पत्र वाचलं. मी सांगितलं असणार तसंच होतं, 'निष्काळजी' आणि 'लाज वाटायला हवी' यांच्यासकट. तिने एकही शब्द मऊ केला नव्हता. म्हणजे त्या पत्रात आणि यंदाच्या पत्रांत काडीचा फरक नव्हता. मग तेव्हाच का काम झालं? त्याच नावाची आणखी एक फाइल शेजारी होती, नावापुढे फक्त 'सोबत' लिहिलेलं. बघतो तर प्रत्येक पत्राला अशी एक 'सोबत' होतीच. दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा.

वरच्या जोडप्याची उघडली.

"ह्यांच्या पत्राचा राग मानू नका. आवाज मोठा आहे, मनात काही नसतं. सवडीने खाली येऊन छत बघून जा, चहा टाकते. मी आहे घरात."

दोघं आले होते, हे तेव्हा आठवलं. चहा प्यायले, हिच्याशी हसले-बोलले. मला वाटलं होतं, घाबरून आलेत.

मी तिथेच खुर्चीत बसून रडलो. इतकी वर्षं लोक माझ्याशी नीट वागत होते ते हिच्या भिडेखातर, आणि मी मिशीला पीळ देत होतो. ती गेल्यापासून मी नुसतीच पत्रं पाठवत होतो.

चौथं पत्र लिहिलं नाही. तिची चिठ्ठी समोर ठेवून तेवढीच पुन्हा टाइप करायला घेतली. 'ह्यांच्या'चं 'माझ्या' केलं. 'मनात काही नसतं' हे स्वतःबद्दल लिहवेना, ते गाळलं. 'टाकते'चं 'टाकतो' केलं. शेवटच्या ओळीत मात्र काहीच बदलावं लागलं नाही.