गाईच्या दुधाचा रंग

मामांनी डोळ्यांच्या ऑपरेशनला पुन्हा एकदा नाही म्हटलं, तेव्हा मी चिडून ॲम्ब्युलन्स करायला घेतली. खरी नाही, छोटी. बुटाच्या खोक्यात मावेल एवढी. कुरकुंभच्या औषध कंपनीतून पहिली पाळी उरकून दौंडला घरी आले की माझा हाच उद्योग असतो. सनबोर्ड कापायचा, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवायचा आणि जुन्या गाड्या उभ्या करायच्या. घरचे याला भातुकली म्हणतात. म्हणोत बापडे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, न्हावऱ्याला राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका साखर कारखान्याची ॲम्ब्युलन्स चालवली. लांब नाकाची, मागं दोन दारांची. ऊसतोडीच्या हंगामात अडलेल्या बाया, कोयता लागलेले, साप चावलेले, सगळे तिच्यातून शिरूरला जायचे. मी सुट्टीत आजोळी गेले की गाडी पुसायला मामा मला हाताशी घ्यायचे. तेच मामा आता ओसरीवर नुसते बसून असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आणखी थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "सत्तरी उलाटली. आता बघून कुणाची सोयरीक जुळवायचीय?"

त्यात मामीचा फोन आला. मामांनी चहा ओतताना कपाबाहेर सांडला, मांडीवर आला, आणि तेव्हापासून त्यांनी चहाच सोडला. ऐकून मला रडूच आलं. चहासाठी वाटेतलं एकही हॉटेल न सोडणारा माणूस तो.

गाडीची चाकं इंजेक्शनच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची केली, पुढचे दिवे दिवाळीच्या माळेतले. टपावर काय होतं ते नीट आठवेना, म्हणून मोबाइलवर जुन्या ॲम्ब्युलन्स पाहिल्या आणि लाल दिवा नि भोंगा बसवून टाकला. वर रंगाआधीचा राखाडी अस्तराचा हात तेवढा दिला आणि खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "केक हाय का, ताई?"

मामांनी गाडी मांडीवर घेतली. बोटं नाकावरून फिरली, काचेवर गेली, मागची दारं उघडून बघितली. चेहरा खुलत चालला होता. टपावर आल्यावर बोटं थांबली.

"ह्ये काय?"

"लाल दिवा आणि भोंगा."

"काढ आधी!" आवाज एवढा चढला की मामी आतून धावत आली. "हंगामात रस्त्यानं उसाच्या बैलगाड्याच गाड्या. भोंगा वाजीवला तर बैलं उधळत्याल, आन् एका पेशंटाचं धा व्हत्याल. आपल्या गाडीला शाळंचा जुना टोल व्हता, डाव्या दाराला. क्लीनर पान्यानं हाणायचा. त्यो ऐकला की गाडीवान बैलं कडंला घ्यायचं."

आणि मला एकदम आठवलं. त्या टोलावर पाना मीही मारला होता, तोही गाडी उभी असताना, आणि मार खाल्ला होता. मामीनं शिवणाच्या डब्यातून एक पितळी वायसर शोधून दिला. मी तो दोऱ्यानं दाराला टांगला, केसातली पिन काढून वाजवला. बारीक टिंग झालं. मामा म्हणाले, "अजून एकदा."

मग त्यांनी विचारलं, "रंग कुठला देणार हायस?"

"दुधी."

"कुठल्या दुधाचा? गाईच्या का म्हशीच्या?"

"दूध ते दूध, मामा."

"न्हावऱ्याची भाची आन् आसं बोलतीस व्हय? म्हशीचं पांढरंफेक. गाईचं पिवळट. गाडी गाईच्या दुधाची व्हती."

"पिवळट म्हणजे किती?"

"ते बघितल्याबिगर कसं सांगू?" मामा म्हणाले.

मी हे ठरवून केलं नव्हतं. पण आयती संधी सोडेन तर मी आईची लेक कसली! म्हटलं, "मग मी रंग देतच नाही. सांगणारा माणूस मिळेपर्यंत गाडी राहील अशीच, राखाडी."

"राखाडी? ॲम्ब्युलन्स?"

"हो. मढं न्यायची गाडी दिसते तशी."

मामीनं तोंडाला पदर लावला. मामा बराच वेळ वायसरशी चाळा करत राहिले. "लई आगाव झालीयास," ते म्हणाले. "एकच डोळा करीन. रंगापुरता."

ऑपरेशन शिरूरला झालं. मामा घरी आले आणि डोळा ठीक आहे म्हणाले, तेव्हा मी तीन झाकणांवर तीन रंग लावून नेले. काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक झाकण उजेडात धरलं. "ह्यो म्हशीचा. ह्यो पाणी घातल्याला, डेअरीवाला माघारी पाठवील." तिसरं मात्र डोळ्याजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. मग म्हणाले, "ह्यो. अशीच व्हती."

माझे डोळे भरून आले. मामीनं चहाची किटली आणून ठेवली, शेजारी कप. मामांनी किटली स्वतःच उचलली आणि ओतायला लागले. मी आणि मामी, दोघी श्वास रोखून कपाकडं बघत होतो.

"आरं, काय बघताय?" मामा म्हणाले. "भरला की थांबतो की मी."